रडू द्या ना त्याले

मी मेडिकल चालवतो, चोपड्यात, आणि रोज अश्रू विकतो. खोटं वाटेल पण खरंय. काउंटरमागच्या फळीवर डोळ्यांत टाकायच्या थेंबांच्या दहा दहा मिलीच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्यांना डॉक्टर लोक कृत्रिम अश्रूच म्हणतात. मोबाईलकडे बघता बघता पापणी लववायचं विसरून डोळे कोरडे ठाक झालेली पोरं येतात, बिनबोभाट पैसे देतात आणि बाटली खिशात टाकून जातात, कोणाला त्यात लाज वाटत नाही. विकतचे अश्रू चालतात, घरचे चालत नाहीत.

आता त्याच काउंटरवर दुसरं एक गिऱ्हाईक येतं. पन्नाशीचा माणूस, धोतर किंवा पँट काहीही असो, टोपी हातात, आणि मागतो काय तर अ‍ॅसिडिटीची गोळी. झोप लागत नाही, छातीत जळजळ होते, डोकं धरतं, भूक मेलीये. विचारलं की काय झालं, तर "काही नाही भो, असंच." बाई आली तर तीच गोळी मागताना सुनेपासून ते सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळं सांगून मोकळी होते, पदर डोळ्याला लावते, आणि कधी कधी गोळी न घेताच जाते. वीस-बावीस वर्षं हे बघतोय. त्यामुळे रडण्याविषयी माझं जे मत झालंय ते पुस्तकातून आधी नाही झालं, काउंटरवर झालंय, वाचलं नंतर.

मत एवढंच आहे की रडण्याचा गुण डोळ्यांतल्या पाण्यात कमी आणि रडताना शेजारी कोण बसलंय त्यात जास्त. आणि ही शेजारी बसायची सोय आपल्या खान्देशात चांगली होती, बायांनी करून ठेवली होती, आपण सुशिक्षित झालो आणि ती मोडत आणली. पुरुषांना तर ती कधी दिलीच नाही.

आधी ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं फॉरवर्ड निकालात काढू, "रडल्याने शरीरातले विषारी द्रव्य बाहेर पडतात" वालं. असं काही सिद्ध झालेलं नाहीये. त्याची गंमत अशी की मुळात एक खरा अभ्यास होता. विल्यम फ्रे नावाच्या अमेरिकन माणसाने १९८० च्या दशकात लोकांना कांदा कापायला लावून आणि रडका सिनेमा दाखवून दोन्ही वेळचे अश्रू गोळा केले, तर भावनेने आलेल्या अश्रूंमध्ये प्रथिनं जास्त निघाली. त्यावरून त्याने अंदाज बांधला की ताणाची रसायनं अश्रूंवाटे बाहेर जात असतील. अंदाज होता तो. लोकांनी त्याचा सिद्धांत केला, मग त्याचं फॉरवर्ड झालं. साधा हिशोब करा ना, रडून रडून पाणी किती जाणार, थेंब मोजण्याइतकं. जळगाव-भुसावळचा मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा, आपण दिवसाला लिटरांनी घाम गाळतो, पाण्यासोबत दुःख जात असतं तर खान्देशात कोणी दुःखी उरलाच नसता. रक्त साफ करायला मूत्रपिंडं आणि यकृत आहेत, डोळ्यांवर तो बोजा कशाला.

अश्रू तीन प्रकारचे असतात हे मात्र पक्कं. एक म्हणजे चोवीस तास डोळ्यावर पसरलेला पातळ थर, त्यात तेल, पाणी आणि चिकट द्रव असा ऐवज असतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः हवेतून, या थरातून विरघळून. शिवाय त्यात लायसोझाइम असतं, ते जंतू मारतं. ते शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंगने, पेनिसिलिनच्या आधी, १९२२ च्या सुमारास, आणि अभ्यासाला अश्रू पुरेनात म्हणून तो लॅबमधल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा, बिचारे ते लोक. दुसरे अश्रू हेच, लिंबाचे, कांद्याचे, धुराचे. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजतात, वारा फिरला की तो धूर असा तोंडावर येतो की दहा माणसं एकदम डोळे पुसतात. ते डोळ्याचं धुणं, मनाचा त्यात काही संबंध नाही. आणि तिसरे ते भावनेचे, हे माणसालाच येतात असं शास्त्रज्ञ मानतात, बाकी प्राणी ओरडतात, कण्हतात पण दुःखाने डोळ्यांतून पाणी काढत नाहीत. नवजात बाळालासुद्धा पहिले काही आठवडे नुसता आवाज असतो, पाणी मागून येतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक डॉक्टरांच्या आधी आपल्या आज्यांना कळलेला होता. माझी आजी, तिला आम्ही जीजी म्हणायचो, चुलीपुढे बसून रडायची. कोणी विचारलं तर धूर लागला. गॅस आला तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर तिनेच केली होती, आम्हाला वाटलं भाकरी फुगत नाही म्हणून करतेय.

आता फुईची गोष्ट सांगतो. फुई म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची आत्या, जीजीची नणंद, शिंदखेड्याला दिलेली.

जीजी गेली फेब्रुवारीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिचे एकुलते. त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. मंडपवाल्याला फोन, पाण्याचे जार, खुर्च्या, बांबू आणायला कोण गेलं, भटजीला कोणी सांगितलं, सगळं एकटे करत होते आणि लोक म्हणत होते बघा, आप्पा किती खंबीर. हे खंबीरपण मी आधीच्या मे महिन्यात पण बघितलं होतं. संध्याकाळी चारचं वादळ, वीस मिनिटं फक्त, आणि घड उतरायला आठ दिवस राहिलेली केळी, चार हजार खोडं, सगळी बाग आडवी. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली, कागद झाले, आप्पांनी त्यांना चहा पाजला, वर हसून म्हणाले की चला, यावर्षी मजुरी वाचली कापणीची. त्यानंतर सहा महिन्यांत त्यांचा बीपी वाढला, वजन उतरलं. बीपी वादळानेच वाढला असं मी म्हणणार नाही, मी औषध विकतो, ते सिद्ध कसं करायचं मला माहितेय, पण झालं ते त्यानंतर झालं.

जीजी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फुई आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, शिरपूरला गाडी बदलून दोन एसट्यांनी आली. आमच्याकडे याला दारवर येणं म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी तिने हेल काढला, "वं मन्ही वहिनी वं, माले कोना भरोसे सोडी गई वं", आणि तशीच चालत, एक हात भिंतीला, एक हात कपाळाला, घरापर्यंत आली. गल्लीतल्या बाया आपोआप बाहेर आल्या, तिच्या मागून चालायला लागल्या. मग ओट्यावर सगळ्या गळ्यात गळे घालून. खापरावरच्या पुरणपोळ्या आता कोण करून देईल, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी वाट कोण बघेल, अशी एकेक ओळ, सुरात, आणि प्रत्येक ओळीला मागून साथ. मध्येच थांबून तिने माझ्या बायकोला कोरड्या आवाजात सांगितलं, "चहामा साखर नको टाकजो बेटा, माले शुगर शे," आणि परत सूर धरला. माझा पुण्याहून आलेला मावसभाऊ मोबाईलमागे तोंड लपवून हसला. मला पण हसू आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आप्पा खुर्ची घेऊन आले. "बस फुई, बस." फुई बसली नाही. तिने खुर्ची बाजूला केली आणि आप्पांची मान धरून त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं, पासष्ट वर्षांच्या माणसाचं. अर्धा मिनिट काहीच नाही. मग खांदे हलायला लागले. मग जो आवाज आला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता, विहिरीतलं पाणी तुटल्यावर मोटर हवा ओढते ना, तसा. आणि शब्द काय निघाले? माय गेली नाही. "मन्ही बाग गई वं फुई." नऊ महिने झाले होते त्या वादळाला.

मावसभाऊ पाण्याचा ग्लास घेऊन धावला, आप्पा सांभाळा, तुम्हीच असं केलं तर बाकीच्यांनी काय करायचं. फुईने ग्लास हाताने बाजूला सारला. "रडू द्या ना त्याले. तू तथा सरक."

मग आप्पांनी मोरीवर तोंड धुतलं, शेजारून आलेलं पिठलं-भाकरी खाल्लं आणि झोपले ते चारला उठले. चमत्कार वगैरे नाही झाला, बीपीची गोळी आजही चालू आहे, मीच देतो. पण त्या दिवसापासून बागेचं नाव घरात काढता यायला लागलं, त्याआधी केळी हा शब्द कोणी जेवताना उच्चारत नव्हतं.

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की त्या ओट्यावर जे झालं त्यावर लोकांनी बरंच काम करून ठेवलंय. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात अ‍ॅड विंगरहूट्स नावाच्या प्राध्यापकांनी आयुष्यभर रडण्याचाच अभ्यास केला. त्यांच्या गटाने २०१५ मध्ये एक प्रयोग छापला, लोकांना दुःखी सिनेमे दाखवले. जे रडले त्यांचं मन सिनेमा संपल्या संपल्या उलट जास्त खराब झालेलं होतं. वीस मिनिटांनी ते होतं तिथे आलं. दीड तासाने विचारलं तेव्हा सिनेमाच्या आधीपेक्षाही बरं वाटत होतं. जे रडले नाहीत त्यांच्यात असा फरक दिसला नाही. म्हणजे रडल्यावर लगेच हलकं वाटतं हे खरं नाही, आधी वाईटच वाटतं, आणि नेमक्या त्या वीस मिनिटांत आपण धावत ग्लास घेऊन जातो आणि माणसाला अर्ध्यातच गप्प करतो. सिझेरियन अर्ध्यात थांबवून टाके घालण्यासारखं आहे हे.

शरीरात काय होतं तेही बघण्यासारखं आहे. दुःख दाटलं की शरीर धावपळीच्या पवित्र्यात जातं, छाती धडधडते, जास्त हवा मिळावी म्हणून घशातली झडप उघडी राहायला बघते आणि आपण आवंढा गिळायला जातो तेव्हा ती मिटायला लागते, या ओढाताणीलाच आपण गळा दाटून आला म्हणतो. रडणं उतरणीला लागलं की विसाव्याची यंत्रणा काम हातात घेते, श्वास लांब होतो, हुंदके विरळ होतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला २०२० मध्ये बघितलं की रडलेल्या माणसांच्या ताणाच्या हार्मोनमध्ये, कॉर्टिसॉलमध्ये, फरक पडला नाही, पण नंतर गार पाण्यात हात धरायचा त्रास दिला तेव्हा त्यांचा श्वास न रडलेल्यांपेक्षा स्थिर राहिला. मला हा निकाल आवडतो, कारण तो मोठं काही सांगत नाही. श्वास ताब्यात आला, बस. नाक वाहतं ते मात्र कशाचं लक्षण नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून पाणी नाकात उतरतं एवढंच.

आणि कोणाला बरं वाटतं कोणाला नाही, यावर विंगरहूट्स आणि त्यांच्या सोबतच्यांनी हजारो लोकांच्या रडण्याच्या हकिकती तपासल्यात, त्यात पुन्हा पुन्हा येतं ते असं की जवळ धीर देणारं माणूस असेल तर बरं वाटतं, आणि रडण्याची लाज वाटली किंवा कोणी लाज आणली तर आणखी वाईट वाटतं. तेच पाणी, तोच डोळा. फुईला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती सुरात रडत होती म्हणजे खोटं रडत होती असं आम्हाला वाटलं, पण सूर असल्यामुळेच बाकीच्यांना त्यात शिरता येत होतं ना, आरतीला जसं कोणालाही शिरता येतं. साखर नको हे सांगायला ती थांबू शकत होती म्हणजे रडण्यावर तिचा ताबा होता, आणि ज्याचा ताबा आहे तोच दुसऱ्याला रडवू शकतो. डॉक्टर पेशंटसोबत बेशुद्ध पडला तर कसं चालेल.

अशा जागा बायांनी वर्षभर पेरून ठेवल्या होत्या. जातं होतं. (खान्देशवर लिहायचं आणि बहिणाबाईंचं नाव नाही घ्यायचं हे शक्य नाही, असोद्याची ती निरक्षर बाई, तरुणपणी विधवा झालेली, तिच्या ओव्या कुठे जन्मल्या असतील तर जात्यापाशी आणि शेतात, पुढचं सगळ्यांना पाठ आहे.) आखाजी होती, म्हणजे अजून आहे पण नावाला. सासरहून पोरी माहेरी यायच्या, झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या, त्या गाण्यांत सासूचे सगळे हिशोब निघायचे आणि झोका खाली येता येता डोळे भरायचे. जीजी सांगायची की नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहून एकमेकींना त्या दिवशी मनसोक्त शिव्या द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात भेटल्या की कशी आहेस. वर्षातून एकदा सगळं बाहेर काढायची अधिकृत परवानगी. गमतीची गोष्ट अशी की आपली खान्देशी माणसं जिथे हजारोंनी जाऊन राहिली त्या सुरतेत २०१७ मध्ये क्रायिंग क्लब निघाला होता, एकत्र जमून रडायचा. जपानमध्येही तसे कार्यक्रम होतात, सगळे मिळून रडके व्हिडिओ बघतात. तिकडे तिकीट काढून जे चालू झालं ते आपल्याकडे ओट्यावर फुकट होतं, आणि आपण त्याला गावंढळपणा म्हणून बंद करायला निघालो.

बंद कसं झालं? थोडं कोरोनाने केलं, २०२०-२१ मध्ये गुंडाळलेलं शव थेट स्मशानात, दारवर कोणी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेले. त्या दोन वर्षांतलं रडणं कित्येक घरांत अजून बाकी आहे, थकबाकीसारखं. पण बरंचसं आपण स्वतः केलंय. आता तिसऱ्या दिवशीच सगळं उरकायचं, मुलांना सुट्टी नाही. पत्रिकेत छापतात की दारवरचा कार्यक्रम अमुक ते अमुक वेळेत. आणि स्मशानात माईक! हा माझा जुना राग आहे. पोरगा मडकं खांद्यावर घेऊन उभा, आणि पाच पुढारी एकामागून एक श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलतात, ते दोन शब्द पंचवीस मिनिटं चालतात, कोणी त्यात निवडणुकीचं पण घुसवतो. तिथे रडणार कसा माणूस? बाया तर तिथे नसतातच. म्हणजे ज्यांना रडवता येतं त्या घरी, आणि ज्याला रडायचंय तो माईकसमोर. माझं स्पष्ट म्हणणं आहे की गावांनी ठराव करून स्मशानातली भाषणं बंद करावीत. गंधमुक्तीच्या दिवशी करा ना, मंडप असतोच, जेवण असतं, लोक ऐकून घेतील.

आता पुरुषांचं. दहा-अकरा वर्षांपर्यंत पोरं आणि पोरी साधारण सारखंच रडतात, अंतर पडतं ते त्यानंतर. फ्रेच्याच मोजणीत अमेरिकेतल्या बाया महिन्याला पाचेक वेळा रडल्या, पुरुष एक-दीड वेळा. हार्मोनचा भाग त्यात असेलच, मी नाही म्हणत नाही, पण "कसाले रडस, बाई शे का तू?" हे कोणत्या ग्रंथीतून निघतं? ते शाळेच्या ग्राउंडवर निघतं, घरी निघतं, मी माझ्या पोराला स्वतः म्हटलंय, तो सायकलवरून पडला तेव्हा. आणखी एक वाचलं ते मला फार दिवस पुरलं. वेगवेगळ्या देशांची तुलना केली तर जास्त रडणारे लोक जास्त हालअपेष्टा असलेल्या देशांत नाहीत, जिथे पैसा आणि मोकळीक जास्त आहे तिथे आहेत. म्हणजे रडायला नुसतं दुःख पुरत नाही, परवानगी पण लागते.

आणि परवानगी नसली की काय होतं ते आकड्यांत दिसतं का? २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात पुरुष १,२२,७२४. शंभरातले बहात्तर. महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. हे सगळे रडले असते तर वाचले असते असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. कर्ज आहे, भाव नाही, दारू आहे, आजार आहेत, आणि कापसाचा भाव कोणाच्या रडण्याने वाढत नाही. पण केळीवर वादळ आलं की सरकार खोडं मोजतं, किती टक्के नुकसान ते लिहितं, त्या फॉर्ममध्ये माणसाचा रकाना नाही. आशाताई दारोदार जाऊन बीपी-शुगर विचारतात, पंचनाम्यानंतर आठ दिवसांनी त्याच घरी जाऊन दहा मिनिटं नुसतं बसायचं, काका झोप लागते का विचारायचं, याला किती खर्च येतो? त्यांचं मानधन वाढवून द्या आणि हे काम द्या, फुकटात नको, आधीच त्यांच्या डोक्यावर कमी ओझं नाहीये. टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी नंबर काउंटरवर चिकटवलाय. लोक तो वाचतात आणि विचारतात, हा होम डिलिव्हरीचा आहे का.

माझ्या म्हणण्याला एक मोठी हरकत आहे ती मीच काढतो. साने गुरुजी आपल्या अमळनेरचे, म्हणजे जन्म कोकणातला पण शिक्षक इथले, प्रताप हायस्कूलचे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. त्या माणसाला रडका म्हणून किती हिणवलं लोकांनी, अजून हिणवतात. आणि त्याच रडक्या माणसाने पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये उपोषण केलं आणि ते उघडलं, म्हणजे रडणारा माणूस कमजोर असतो या समजुतीचं तर तिथेच तेरावं झालं. पण पुढचंही आहे, ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आयुष्यभर मोकळेपणाने रडलेला माणूस. म्हणून रडणं पुरेसं असतं असं मी म्हणूच शकत नाही. ज्यांना नैराश्याचा आजार असतो त्यांना रडून तेवढं बरं वाटत नाही, हेही अभ्यासांत आलेलंच आहे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं ते बहुतेकींचं आपोआप थांबतं, दोन आठवडे उलटून गेले तरी थांबलं नाही तर ते सासूने समजावायचं प्रकरण राहत नाही, डॉक्टरचं होतं. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर काही जणांना कारण नसताना रडू फुटतं, तो मेंदूचा भाग आहे, त्यावर औषध आहे, त्यांना "मन घट्ट करा" सांगू नका. आणि ज्याचं रडू पूर्ण आटलंय, काहीच वाटत नाही म्हणतो, त्याच्याकडे तर रडणाऱ्यापेक्षा आधी लक्ष द्या.

दुसरी हरकत नेहमीची, बाया रडून पुरुषांना नमवतात, ब्लॅकमेल आहे ते. यावर इस्रायलच्या वाइझमन संस्थेने मजेदार काम केलंय, बायांचे अश्रू पुरुषांना हुंगायला दिले, वास काहीच येत नाही, तरी २०११ मध्ये दिसलं की पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, आणि २०२३ मध्ये दिसलं की कॉम्प्युटरवरच्या खेळात सूड घेण्याची वृत्ती चाळीस टक्क्यांहून जास्त कमी झाली. तर नमवतात हे बरोबर असेलही. पण नमला कोण, तर ज्याचा हात उठणार होता तो. हे ब्लॅकमेल असेल तर असू द्या.

हे सगळं ज्ञान असून मी काय करतो? परवा रात्री साडेनऊला, दुकान आवरत होतो, एक ओळखीचा माणूस आला. पोरीचं लग्न मोडलं होतं, गावात सगळ्यांना माहीत होतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मागितल्या. मी पट्टी काढेपर्यंत त्याचा चेहरा असा आवळला गेला आणि डोळे भरले. आणि माझ्या तोंडून काय निघालं, "अरे रडू नको भाऊ, होईल सगळं." लगेच. विचार करायच्या आत. त्याने लगेच डोळे पुसले, सॉरी म्हणाला. सॉरी! मला फुई आठवली. मी शटर अर्धं ओढलं, आतलं स्टूल त्याला दिलं, इन्सुलिनच्या फ्रीजशेजारी, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून त्याच्याकडे पाठ करून औषधांच्या पट्ट्या लावत बसलो. बाहेरून कोणीतरी ओआरएस मागत होतं, त्याला म्हटलं दहा मिनिटं थांब. मागून आवाज येत होता, मी वळलो नाही. पंधराएक मिनिटांनी तो उठला, बेसिनवर तोंड धुतलं, गोळ्या घेतल्या, शंभरची नोट दिली आणि वरचे तीन रुपये सुट्टे नाहीत म्हणालो तर चॉकलेट नको म्हणाला, मला शुगर आहे.